सगळ्यांचं गुऱ्हाळ

एका गावात एक भोळा जाळव्या होता. गावाचं नाव पांगरवाडी आणि जाळव्याचं नाव शिदबा. जाळव्या म्हणजे गुऱ्हाळात चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणारा. वर काहिलीत उसाचा रस रटरटत असायचा आणि खाली शिदबा वाळलेली चिपाडं आत सारत असायचा. हे काम त्याला झकास जमायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

शिदबा आळशी नव्हता, लबाड नव्हता आणि विसराळू तर मुळीच नव्हता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे, हीच सगळी पंचाईत होती. कुणी काही शिकवलं की तो धोतराच्या सोग्याला गाठ मारायचा. मग पुढं जे समोर येईल त्याला ती गाठ लावायचा, लागू पडो न पडो. पूर्वी तो पाटलांकडं गडी होता. वडीलधारं माणूस दिसलं की जागच्या जागी पाय धरावेत, असं पाटलांनी त्याला शिकवलं. शिदबानं गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पाटलांची आई डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन पांदीनं येत होती. शिदबानं जागच्या जागी तिचे पाय धरले. घागर फुटली, कळशी चेपली, म्हातारी चिखलात बसली आणि शिदबाचं काम गेलं.

अशी बरीच कामं गेली. प्रत्येक कामाबरोबर बिऱ्हाडही हलायचं. शेवटी त्याची बायको हौसा कंटाळली. ती पोटाला कमी पडलं तरी कुरकुरणारी बाई नव्हती, पण सारखं चूल मोडून चूल मांडायचा तिला वीट आला होता. गुऱ्हाळावर काम लागलं त्या दिवशी ती म्हणाली, "अवो, ह्ये बी काम घालवलंसा तर म्या बोचकं बांधून भावाकडं जाणार. काम तेवढं घालवू नगासा."

शिदबाचा हौसावर फार जीव. हौसा नसलेल्या घरात आपण काय करायचं, हे त्याला सुचेना. त्यानं सोग्याला सगळ्यांत मोठी गाठ मारली. काम घालवायचं नाही.

गुऱ्हाळ होतं बाळशेटचं. बाळशेट म्हणजे पक्का चिक्कू. त्याच्या घरच्या मांजरानं साय कधी पाहिली नव्हती. तो बाभळीच्या सावलीत बाजेवर मांडी घालून बसायचा, पान चघळायचा आणि दिवसभर ओरडायचा. पण गुऱ्हाळाची एक रीत असते आणि ती बाळशेटलाही मोडता येत नव्हती. गुऱ्हाळावर आलेलं माणूस विन्मुख जात नाही. वाटसरू असो, मागता असो, वैरी असो, त्याला तांब्याभर रस आणि हातावर ऊन ऊन गूळ मिळतोच. जो नाही म्हणेल त्याचं काहिलीतलं आदण नासतं, अशी लोकांची समजूत. त्यामुळं बाळशेट तोंड वाकडं करायचा, पण द्यायचा. गावातली सोनाआक्का तर रोज संध्याकाळी वाटी घेऊन यायची. तिला दात नव्हते, म्हणून तिला गूळ होण्याआधीचा पाक लागायचा. बाळशेट तोंड आणखी वाकडं करायचा, पण तोही द्यायचा.

पांगरवाडी ज्या संस्थानात होती ते संस्थान फार बारकं होतं. महाराजांनी सकाळी हत्ती मोकळा सोडला तर दुपारच्या आत तो परमुलखात जायचा. म्हणून हत्ती बांधूनच ठेवलेला असे. तर हे महाराज त्या साली विलायतेला जाऊन आले. तिकडं काय पाहिलं कोण जाणे, पण आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला की संस्थानातलं गुऱ्हाळ दरबारानं ताब्यात घ्यावं. संस्थानात गुऱ्हाळ एकच होतं.

दरबाराचे कारभारी रंगोपंत गुऱ्हाळ चालवायला पांगरवाडीला आले. बाळशेटच्या बाजेवर उभं राहून त्यांनी हुकूम वाचला. आजपासून हे गुऱ्हाळ रयतेचं. इथून पुढं शेट नाही, सावकार नाही. जो राबतो तोच मालक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळशेट भरपाई घेऊन घरी गेला. त्याचं तोंड जेवढं उतरायला हवं होतं तेवढं उतरलेलं दिसलं नाही, असं पुष्कळांना वाटलं.

शिदबानं भीतभीत पंतांना विचारलं, की मी पण का? पंत भरात होते. ते म्हणाले, "अरे, तू तर खरा मालक."

शिदबानं गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिदबा मालक होऊन कामावर आला. मालक काय करतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. जन्मात त्यानं एकच मालक जवळून पाहिला होता. तो बाभळीखाली गेला, बाजेवर मांडी घालून बसला, पान तोंडात टाकलं आणि ओरडला, "शिदबा, जाळ घाल की रं मुडद्या!"

शिदबा जाळ घालेना. शिदबाला राग आला. तो आणखी मोठ्यानं ओरडला. तरी शिदबा हलेना. असला कामचुकार गडी बाळशेटनं इतके दिवस कसा ठेवला, याचंच त्याला नवल वाटायला लागलं. इकडं चुलवाण विझत आलं. मल्लू गुळव्या, ज्याच्या नजरेवर गूळ उतरायचा, तो काहिलीपाशी उभा राहून कपाळ बडवू लागला. आदण फुकट गेलं. गूळ निवायच्या वाफ्यात ओतलं ते घट्टच होईना. त्यात एक कोंबडी पाय रुतून दुपारपर्यंत उभी होती.

रंगोपंतांनी शिदबाला बाजेवरून उठवलं आणि समजावून सांगितलं. मालक म्हणजे तू एकटा नव्हेस. सगळेच मालक. जे सगळ्यांचं असतं त्याला एकट्यानं हात लावायचा नसतो. तू आपला जाळ घाल, बाकी दरबाराच्या कशाला हात लावू नकोस. शिदबानं विचारलं, की दरबाराचं म्हणजे सगळ्यांचंच ना? पंत म्हणाले, अलबत.

शिदबानं गाठ मारली.

पंतांना दरबारातून एक तट्टू मिळालं होतं. ते गुऱ्हाळामागं खोगिरासकट बांधलेलं असायचं. एक दिवस पंत हिशेबात गढले असताना तट्टानं दावं तोडलं. आधी ते उसाच्या मोळीपाशी गेलं आणि पोटभर ऊस खाल्ला. मग निवत ठेवलेल्या गुळाच्या वाफ्यात चारी पाय देऊन उभं राहिलं. ते गोड लागतं हे कळल्यावर त्यानं एक ढेप उकरून काढली. शिदबा जाळ घालता घालता सगळं पाहत होता. तट्टू दरबाराचं, दरबार सगळ्यांचा, आणि आपण तर एकटे. त्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले. तट्टू त्याच्यासमोरून गेलं तेव्हा त्यानं त्याला रामराम केला. तट्टू हद्दीच्या दिशेनं चालत राहिलं आणि संस्थान बारकं असल्यामुळं लवकरच परमुलखात पोचलं.

पलीकडच्या नाकेदारानं तट्टू परत पाठवलं, पण खोगीर ठेवून घेतलं. खोगिराच्या पिशवीत पंतांचा पैशांचा कसा होता. पंतांनी शिदबाला उभा आडवा फैलावर घेतला. दरबाराची वस्तू डोळ्यांदेखत चालली आणि तू बघत बसलास? इथून पुढं इथलं काही जाताना दिसलं की आडवं व्हायचं. मोल घेतल्याशिवाय काही द्यायचं नाही. फुकट कुणाला काही नाही.

"कुणालाच न्हाई?" शिदबानं विचारलं.

"कुणालाच नाही."

शिदबानं गाठ मारली.

त्या संध्याकाळी सोनाआक्का वाटी घेऊन आली. शिदबानं तिला अडवलं. तो म्हणाला, "आक्का, आता गुऱ्हाळ तुझं झालंय. फुकट न्हाई मिळायचं."

"बाळशेटचं हुतं तवा मिळत हुतं की रं."

"तवा तुझं नव्हतं."

सोनाआक्कानं या बोलण्यावर बराच वेळ विचार केला. मग वाटी पदराखाली घेतली आणि निघून गेली. शिदबाला फार वाईट वाटलं. म्हातारी पाठमोरी जाताना बघवेना, म्हणून त्यानं तोंड चुलवाणात घातलं आणि भुवया जाळून घेतल्या. पण गाठ ती गाठ. हळूहळू गावातलं कुणीच गुऱ्हाळाकडं फिरकेनासं झालं. पोरं लांब बांधावर उभी राहून नुसता वास घ्यायची. गुऱ्हाळ सगळ्यांचं झालं आणि तिथं कुणी येईना.

मग एक दिवस रंगोपंत दुपारी जेवायला बसले. पोळी आणि लसणाची चटणी होती. पहिल्याच घासाला त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, तोंड लालबुंद झालं. ते उठून माठाकडं धावले. माठ दरबारानं घेतलेला होता. शिदबा चुलवाण सोडून आला आणि माठापुढं आडवा झाला. चांगला हातपाय ताणून आडवा झाला.

"मोल?" शिदबानं खालून विचारलं.

पंतांना बोलता येईना. त्यांनी कमरेला चाचपलं. कसा परमुलखात होता. ते खुणा करू लागले. शिदबानं त्यांना समजावून सांगितलं, की पंत, तुमीच सांगितलंसा, कुणालाच न्हाई. शेवटी मल्लू गुळव्यानं मळी काढायच्या झाऱ्यानं पंतांच्या तोंडावर पाणी मारलं. पंत वाचले, पण त्या दिवसापासून ते चटणी खाईनात.

त्यांनी त्याच वेळी शिदबाला काढायचं मनात आणलं होतं. पण जाळ घालायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शिवाय पंतांच्या मागं त्याहून मोठं लचांड लागलं होतं. दरबाराचा गूळ खपेना. कुठल्या पेठेत न्यावा, कुणाला विकावा, भाव कधी चढतो, यातलं दरबारात कुणालाच काही कळत नव्हतं. तेव्हा दरबारानं विचार केला, की व्यापार कळणारं माणूस नेमावं. पंचक्रोशीत असं माणूस एकच होतं.

सोमवारी बाळशेट परत आला. छातीवर लाल पट्टा होता आणि पट्ट्यावर दरबाराचा पितळी बिल्ला. आता तो शेट नव्हता, दरबाराचा पगारी व्यवस्थापक होता. तो बाभळीखाली गेला आणि बाजेवर मांडी घालून बसला. बाज पूर्वीसारखीच कुरकुरली. पूर्वी तो ओरडायचा, "माझं नुकसान करतोस व्हय रे?" आता ओरडायला लागला, "रयतेचं नुकसान करतोस व्हय रे?" बाकी काही फरक नव्हता. हां, एक होता. पूर्वी कुणी वाटी घेऊन आलं की त्याला तोंड वाकडं करून द्यावं लागायचं. आता तो हसतमुखानं म्हणायचा, "हुकूम नाही."

शिदबाचं डोकं चालेना. मालक मी, मालक सगळे, आणि बाजेवर बाळशेट. तो गुंडो मास्तरांकडं गेला. मास्तरांकडं बाहेरगावचं वर्तमानपत्र यायचं. ते वाचून त्यांच्या पोटात पुष्कळ काही साचलं होतं आणि गावात ऐकणारं कुणी नव्हतं. शिदबाला पाहून त्यांना गहिवरून आलं. त्यांनी त्याला पाटावर बसवलं आणि म्हणाले, "शिदबा, याला सरकारी भांडवलशाही म्हणतात."

शिदबानं तो शब्द पुन्हा म्हणवून घेतला. मास्तरांनी अर्थ फोडून सांगितला. गुऱ्हाळ दरबाराचं, भांडवल दरबाराचं, नफा दरबाराचा. पण चालवायचं कसं, तर शेटाच्याच रीतीनं. मजुराला मजुरी, गिऱ्हाइकाला भाव आणि उरेल ते धन्याचं. फक्त धनी शेट नव्हे, दरबार. शिदबानं विचारलं, की मग हा शब्द चांगला का वाईट? मास्तर म्हणाले, ते म्हणणाऱ्यावर आहे. व्यापारी तो दरबाराला शिवी म्हणून देतात. क्रांती करणारे तो एकमेकांना शिवी म्हणून देतात. एखादं सरकार तर छाती फुगवून म्हणतं, की होय, आमचं असंच आहे, चांगलं चाललंय.

"मग म्या कवा म्हणायचा?" शिदबानं विचारलं. त्याला कामापुरतं हवं होतं.

मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, "एक धनी जातो, त्याच जागेवर दुसरा धनी बसतो आणि बाकी सगळं होतं तसंच राहतं. असं कुठं दिसलं की म्हणायचा."

शिदबानं गाठ मारली. ही जरा लांबोडकी झाली.

त्याच आठवड्यात थोरले पाटील वारले. गाव भेटायला गेलं, शिदबाही गेला. ओसरीवर थोरल्या पाटलांचं घोंगडं अंथरलेलं होतं. त्यावर त्याच खांबाला टेकून धाकटे पाटील बसले होते. पुढं तोच पानाचा डबा. शिदबानं नीट पाहिलं. एक धनी गेलाय, त्याच जागेवर दुसरा बसलाय आणि बाकी सगळं होतं तसंच आहे. तो पुढं झाला, हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सरकारी भांडवलशाही."

धाकट्या पाटलांनी डोळे पुसले. एवढा लांब शब्द, तोही असा हळू बोललेला, म्हणजे त्यात काहीतरी खोल असणार. ते म्हणाले, "व्हय बाबा. दैवापुढं कुणाचं काय चालतंय?" आसपासच्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेले दोघेजण तेच बोलले. तेराव्यापर्यंत गावात रीत पडली. कुणी गेलं की घरच्यांसमोर हात जोडायचे आणि हळू आवाजात म्हणायचं, सरकारी भांडवलशाही. बायका पदर डोळ्याला लावून म्हणायच्या. पाहुण्यांच्या गावांत कौतुक झालं, की पांगरवाडीत दुखवट्याला काय भारी बोलतात. हे गुंडो मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते घरी जाऊन पांघरूण डोक्यावर घेऊन निजले.

गुळाचे दिवस सरत आले आणि महाराज गुऱ्हाळ बघायला येणार असं कळलं. त्यांना एखाद्या राबणाऱ्या मालकाशी दोन शब्द बोलायचे होते. रंगोपंतांना घाम फुटला. मल्लू गुळव्याला पुढं करावं तर तो खरं बोलून जायचा. बाकीचे गडी तर तक्रारी घेऊनच बसले होते. सांगितलं तेवढंच बोलणारा माणूस एकटा शिदबा होता. पंतांनी त्याला बाजूला घेऊन पढवलं. महाराज विचारतील, हे गुऱ्हाळ कुणाचं? तू म्हणायचं, माझं. आपल्या मनाचं काही करायचं नाही. महाराज सांगतील तेवढं निमूट करायचं.

शिदबानं गाठ मारली. सोगा आता पार आखडला होता आणि धोतर एका अंगानं गुडघ्यावर गेलं होतं.

महाराज आले ते हत्तीवरून. हत्ती हद्द ओलांडेल म्हणून चार माणसं दोर धरून मागं मागं होती. गुऱ्हाळाला तोरण लावलं होतं. साऱ्या हंगामाचा गूळ छपराखाली रचून ढेपांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. गाव एका दोराच्या पलीकडं उभं केलं होतं. सोनाआक्काही तिथं होती. सवयीनं तिनं वाटी आणली होती.

महाराज बाजेवर बसले, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी शिदबाला विचारलं, "हे गुऱ्हाळ कुणाचं?"

"माझं."

महाराज खूश झाले. त्यांनी दोरापलीकडं बोट दाखवून विचारलं, की आणि या लोकांचं? हे शिदबाला पढवलेलं नव्हतं. त्यानं पंतांकडं पाहिलं. पंत जोरजोरानं होकाराची मान डोलावत होते.

"त्यांचं बी."

विलायतेत जे पाहिलं ते आपल्या राज्यात झालं, असं महाराजांना वाटलं. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग मालक दोराबाहेर का? सोड त्यांना. ज्याचं त्याला मिळू दे."

असं बोलायची राजेलोकांना सवय असते. त्यावर टाळ्या वाजवायच्या असतात. टाळ्या वाजल्याही. पण शिदबाला सांगितलं होतं, की महाराज सांगतील तेवढं करायचं. त्यानं जाऊन दोर सोडला आणि म्हणाला, "या. ज्याचं त्यानं न्या."

लोक क्षणभर थांबले. ते काही शिदबा नव्हते. मग सोनाआक्का पुढं आली. शिदबाचा हात एका गाठीवर गेला. तो आडवा होणार होता, पण आधी त्यानं विचारलं, "आक्का, मोल?"

"माझंच मला इकतोस व्हय रं?" सोनाआक्का म्हणाली.

शिदबानं सगळ्या गाठी चाचपल्या. याचं उत्तर कशातच नव्हतं. तो बाजूला झाला आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. आक्का वाटी भरून पाक घेऊन गेली आणि तिच्यामागून गाव आलं. कुणी खांद्यावर ढेप घेतली, कुणी डोक्यावर. पोरांनी फुटलेले खडे वेचले. धाकट्या पाटलांनी गाडी जुंपून आणली. बाळशेटनं पट्टा काढून खिशात ठेवला, कारण तोही रयतेतलाच होता, आणि दोन ढेपा नेल्या. महाराजांना वाटलं, इकडं हा एखादा समारंभ असेल. ते शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते. मग खूश होऊन हत्तीवर बसले आणि गेले.

छपराखाली झेंडूच्या माळा उरल्या. रंगोपंतांनी त्या मोजल्या. मग ते म्हणाले, "शिदबा, तुला कामावरून काढलं."

शिदबा घरी आला आणि हौसाला झालं ते सगळं सांगितलं. हौसा ओरडली नाही. तिनं जुनं लुगडं जमिनीवर अंथरलं आणि एकेक वस्तू त्यावर ठेवायला लागली. तवा ठेवला, तांब्या ठेवला, स्वतःचा फणी-करंडा ठेवला. शिदबा उंबऱ्यात बसला आणि सगळ्यांत मोठी गाठ हातात घेऊन बघत राहिला. काम घालवायचं नाही. पण काम तर गेलं होतं. कुणाचं गेलं होतं? शिदबा जाळव्याचं. शिदबा उठून उभा राहिला. हौसाला म्हणाला, एवढं बोचकं बांधायचं जरा थांबव, म्या आलोच. आणि धोतर सावरत गुऱ्हाळाकडं पळाला.

चुलवाण विझलं होतं. बाळशेट बाजेवर आणि पंत बाजेच्या पायथ्याशी बसले होते. शेतात अजून ऊस उभा होता आणि जाळ घालायला माणूस नव्हतं. शिदबाला पाहून पंत खवळले. काढलं ना तुला, मग परत कशाला आलास?

"काढलंसा की. पन जाळव्याला काढलंसा," शिदबा म्हणाला. "त्यो घरला बसलाय. म्या मालक आलोय, जाळ घालाया."

पंतांनी तोंड उघडलं, पण बाळशेटनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाळशेट उगाच व्यवस्थापक झाला नव्हता. त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "मालक, बसा की. जाळाला बसणार म्हणता? पण मालकाला मजुरी नसती, ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय की. तुमी मालक हुतासा तवा तुमाला कुठं हुती?"

बाळशेटनं मान्य केलं. आता तो मालक नव्हता, म्हणून त्याला पगार होता. पंतांनी शिदबाच्या पाठीवर थाप मारली. असे आणखी मालक मिळतील का, असंही विचारलं. शिदबानं चुलवाण पेटवून दिलं आणि हौसाला सांगायला तो धापा टाकत घरी आला.

"हौसा, सोड बोचकं! काम न्हाई गेलं!"

हौसाच्या हातातून गाठोडं गळालं. तिचे डोळे भरून आले. तिनं देवाला हात जोडले, नवऱ्याला गुळपाणी दिलं आणि सहज विचारलं, की मजुरी तीच ना?

"मजुरी न्हाई. मालकाला मजुरी नसती."

"मग नफा?"

"त्यो दरबाराचा."

हौसा बोचक्यावरच बसली. शिदबानं सोगा पुढं धरला आणि मोठी गाठ तिला दाखवली. तू म्हणाली होतीस, काम घालवू नका. काम घालवलं नाही. मजुरीचं तू काही बोलली नव्हतीस. हौसानं डोकं गुडघ्यात घातलं. अशा वेळी समोरच्याला धीर द्यायला काहीतरी बोलावं, एवढं शिदबाला कळत होतं. त्यानं सोगा चाचपला. लांबोडकी गाठ हाताला लागली. तो पुढं झाला, हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सरकारी भांडवलशाही."

हौसा दचकून उभी राहिली. तिनं पदर डोळ्याला लावला.

"अगं बया! कोण गेलं वो?"

"कुणी न्हाई," शिदबा म्हणाला. "मजुरी."